साडेतीन एमबीचा आवाज

माझं काम नेमकं काय आहे, हे जामसंड्यात कुणालाही नीट सांगता आलेलं नाही, मला तर नाहीच. बाबा लोकांना सांगतात, "ता बोटींची टपालां बघता." खरं म्हणजे एवढं पुरे आहे. मी घरी बसून ज्या कंपनीसाठी काम करते, ती मालवाहू जहाजांना मेल पुरवते. चाळीसेक जहाजं, बहुतेक जुनी. नव्या जहाजांवर म्हणे आता घरच्यासारखं इंटरनेट असतं. आमच्या म्हाताऱ्या बोटी अजून दिवसातून चार वेळा उपग्रहाशी बोलतात, आपली पत्रं देतात, आलेली घेतात आणि पुन्हा गप्प होतात. तोवर त्यांची पत्रं किनाऱ्यावर आमच्या मेल सर्व्हरमध्ये थांबून राहतात. तिथं प्रत्येक जहाजाची एक फाईल असते: जहाज कुठलं, ते किती वाजता बोलणार, आणि केवढं पत्र घेणार. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एखादं जाडजूड पत्र अर्ध्यात अडकलं, तर त्याच्यामागच्या सगळ्यांची वाट बंद.

पूर्वी या फायली मी हातानं लिहायचे. एक चिन्ह चुकलं की एका जहाजाचं टपाल ठप्प. मी रागानं टेबलावर हात आपटायचे आणि बाबा पडवीतून विचारायचे, "काय गो, बोट बुडाली काय?" मग ऑफिसातल्या एका शहाण्या माणसानं मला व्हेरिएबल शिकवले. फाईल एकच लिहायची, साच्यासारखी. जिथं जहाजागणिक फरक पडतो, तिथं गाळलेली जागा ठेवायची. त्या जागांत काय भरायचं, त्याची यादी वेगळी. मग एक आज्ञा द्यायची, की तो प्रोग्राम आपण होऊन चाळीस फायली भरतो आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवून येतो. पहिल्यांदा मी ती आज्ञा दिली, तेव्हा चाळीस नावांपुढे एकामागून एक हिरवा शब्द उमटत गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो, खोटं कशाला सांगू. कुठली बोट आफ्रिकेच्या टोकाला, कुठली जपानच्या वाटेवर, आणि मी इथं सोलकढीचा पेला बाजूला ठेवून एक बटण दाबते.

बाबांना मात्र याचं काडीचं नवल वाटलं नाही. "ह्या काय नवीन? ह्या तर गाऱ्हाणाच," ते म्हणाले. बाबा वाडीत गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून खणखणीत आवाजात मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शब्द पिढ्यान्‌पिढ्या तेच. माझ्या बारावीला तेच होते, शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी लागावं म्हणूनही तेच. बदलतं ते एवढंच, कुणाचं आणि कशासाठी. माझी सगळी हुशारी बाबांनी एका वाक्यात खुंटीला टांगली. तेव्हापासून त्या हिरव्या शब्दांना मी मनातल्या मनात "व्हय म्हाराजा" म्हणते.

आमच्या शेजारी बाई राहतात. ख्रिस्ती कुटुंब, माहेर गोव्यात. प्राथमिक शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, म्हणून माझ्यासाठी त्या कायमच्या बाई. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. आमच्या दोन घरांच्या मधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आम्ही रोज संध्याकाळी पाय सोडून बसायचो. दिवेलागणीला बाई मागच्या दारात येऊन हाक मारायच्या, "पुता, ये रे, जेवान थंड होता!" हा जागचा न हलता ओरडायचा, "इलंय गो आये!" मग बाईंचा असा आवाज यायचा की माडावरचे कावळे उडावेत, "लबाडा! आधी ये, मगे सांग इलंय म्हणान!" हे रोज, सगळ्या वाडीच्या साक्षीनं. तो आता जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. माझ्या या नोकरीची खबर मला त्यानंच दिली होती, कारण त्याच्या बोटीचं टपाल आमच्याच कंपनीकडे होतं.

गेल्या वर्षी बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. मंगळवारी सकाळी गोव्याला निघायचं ठरलं. मुलाची बोट भर समुद्रात होती, बंदर लागायला तीन आठवडे होते. बोटीवरच्या फोनवरून तो एकदा बोलला, तेही तुटक तुटक. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चेडवा, माझो आवाज तेका धाडूक जमात? तेच्याकडे ऱ्हवांदे. आणि तेना आयकल्यान, ह्या माका कळाक होया. मगे कापूंदेत."

मागच्या दारात उभं राहून त्यांनी फोनवर आवाज भरला. आधी "काय बोलू गो?" म्हणून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रार्थना म्हणतील, नाहीतर आशीर्वाद देतील. त्यांनी परसाकडे तोंड केलं आणि रोजची ती हाक मारली. मग मुलगा येत असावा तशा थांबल्या आणि पुन्हा मारली. अशी तीन वेळा, मधल्या शांततेसकट. मी गडग्याकडे बघत राहिले.

ते भरलं साडेतीन एमबी. जहाजांना तेव्हा अर्ध्या एमबीच्या वरचं पत्र चालत नसे. मी आवाज दाबून लहान करून पाहिला. बाईंनी तो ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो माझो आवाज नाय. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखो लागता." त्यांचं खरंच होतं. पण त्याच आठवड्यात ऑफिसनं सगळ्या जहाजांची मर्यादा पाच एमबी करायचं ठरवलं होतं आणि ते काम सोमवारी मीच करणार होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाई, सोमवारपर्यंत थांबा. मगे तुमचो आवाज अख्खो जातलो."

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या यादीत एक आकडा बदलला आणि आज्ञा दिली. चाळीस हिरवे शब्द. बाईंचं पत्र धाडलं, गडग्यावरून ओरडले, "गेला!" आणि चहा टाकायला आत गेले. कप घेऊन परत येते तर पत्र माघारी आलेलं. 'पत्र फार मोठं आहे, या पत्त्यावर घेता येत नाही.'

मी दुसऱ्या जहाजांना मोठी पत्रं धाडून पाहिली. सगळी मुकाट्यानं आपापल्या रांगेत लागली. अडली ती एकच बोट, आणि तीच. दुपारपर्यंत मी त्या साच्यात चूक शोधत होते, प्रोग्रामला शिव्या घालत होते. जेवणवेळ टळून गेली. शेवटी त्या जहाजाची स्वतःची यादी उघडली आणि चूक तिथं सापडली.

याद्या दोन असतात. एक सगळ्यांची, एक ज्याची त्याची. दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असेल तर ज्याची त्याची चालते. गावभर बांगडे तळले जात असले, तरी ज्या घरात सोमवार पाळतात तिथं बांगडा शिजत नाही, तसं. हा नियम मी नव्या पोरांना शिकवते. आणि त्या जहाजाच्या यादीत एक ओळ होती: मर्यादा पाव एमबी. तिच्यापुढे टीप होती, 'तात्पुरतं, अँटेना दुरुस्त होईपर्यंत.' ही टीप माझीच होती. दोन वर्षांपूर्वी वादळात त्या बोटीची अँटेना वाकली होती, तेव्हा लिहिलेली. म्हणजे दोन वर्षं त्या पोराला बोटीवर आईकडून एक धड फोटो पोचला नव्हता, आणि तो दोष मी समुद्राला देत होते. मला माझीच लाज वाटली, आणि राग तर असा आला की स्वतःच्याच मुस्कटात मारावी.

ऑफिसला फोन केला. अँटेना वर्षभरापूर्वीच दुरुस्त झाली होती. ती ओळ मी पुसली, आज्ञा दिली, पत्र पुन्हा धाडलं. या वेळी ते परत आलं नाही, रांगेत उभं राहिलं. बोट आता संध्याकाळी सहाला बोलणार होती. मी जाऊन बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, पहिलीत मारायच्या तशी, आणि विचारलं, "सकाळपासून जेवलंस काय?"

सहाच्या सुमाराला बाबांनी नारळ घेतला, अंगणात तुळशीपुढे ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरू केलं, "ही आमची शेजारीण. तुझ्या देवळात येणारी नाय, पण तुझ्याच गावची. हिचो आवाज दर्यापलीकडे हिच्या झिलाकडे पोचव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा," मी म्हणाले. आणि गडग्यापलीकडून, हातातली जपमाळ न थांबवता, बाई माझ्या दुप्पट आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" बाबांच्या गाऱ्हाण्यात बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. बाकी एक शब्द बदललेला नव्हता.

सहा वाजून बारा मिनिटांनी रांगेतलं पत्र हललं. इतकं मोठं पत्र, त्याला वेळ लागला. मग रांगेपुढे शून्य आला. मी त्या शून्याकडे किती वेळ पाहिलं कोण जाणे. आमच्या मागल्या परसातली हाक आभाळात गेली होती आणि जिथं चारी बाजूंना पाणीच पाणी, तिथं एका लोखंडी खोलीत उतरली होती, मधल्या शांततेसकट. हे सगळं होतं कसं, ते मी आकृती काढून समजावू शकते. तरीही माझा त्यावर विश्वास बसत नव्हता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

पण त्यानं ऐकलं की नाही, हे कळायला बोट पुन्हा बोलायला हवी होती. मध्यरात्रीच्या फेरीत काही आलं नाही, ते मी पहाटे उठून पाहिलं. पुढची फेरी सकाळी सहाची, आणि गाडी सहालाच येणार होती. गाडी आली. बाबांनी बॅग मागे ठेवली. बाईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. सहा वाजून गेले. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. बाई गाडीत एक पाय ठेवून मला म्हणाल्या, "जावंदे गो. उंद्या वाचीन." तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला.

पत्रात एकच ओळ होती. मी मोठ्यानं वाचली.

"इलंय गो आये, हातपाय धुतंय."

बाई हसल्या. पाय गाडीतून काढला, गडग्याकडे वळल्या, आणि छाती भरून श्वास घेऊन ओरडल्या, "लबाडा! आधी ये, मगे सांग इलंय म्हणान!" माडावरचे कावळे उडाले. मग त्या पदर सावरून गाडीत बसल्या.

आज बाई बऱ्या आहेत. बोलायचं ते लिहायला गळ्यात पाटी अडकवून फिरतात आणि त्याच पाटीनं मला टपल्या मारतात. पण "लबाडा!"ची ती आरोळी पुन्हा होणार नाही. फोन तर माझ्या हातातच होता, तरी ती भरून घ्यायचं मला सुचलं नाही. ती मी, बाबा आणि ड्रायव्हर, एवढ्यांनीच ऐकली. त्या दिवशी गाडी वळणाआड गेल्यावर मी तिथंच गडग्यावर बसले आणि त्याला ते शब्द लिहून पाठवले. जेमतेम एका ओळीचं पत्र होतं, पाव एमबीच्या दारातूनही सहज गेलं असतं. दुपारी बाराच्या फेरीत ते गेलं.