रासाईच्या राईतली फांदी

राधानगरीच्या पुढं, तलाव जिथं जंगलात शिरतो त्या काठावर आंबेखोल नावाची वाडी आहे. तिथं माझा जुना विद्यार्थी कृष्णात तंबूंचा तळ चालवतो. कोल्हापूर, इचलकरंजीची माणसं शनिवारी येतात, पाण्याकाठी तंबूत राहतात, सकाळी धुक्यात धनेश पक्षी शोधतात, चुलीवरच्या तांबड्या रश्श्यानं घाम गाळतात आणि रविवारी दुपारी निघून जातात; सुट्ट्यांच्या दिवसांत मधल्या वारीही कुणी ना कुणी येतं.

कृष्णात शाळेत हुशार नव्हता, पण प्रार्थनेच्या रांगेत शेजारच्या पोराची गुंडी उघडी दिसली तर लावून द्यायचा. मोठेपणीही तसाच राहिला. शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर काम करून कंटाळला, गावी आला, वनखात्याची परवानगी काढली आणि तळ उभा केला. तो एकटा त्यावर जगत नाही. कुणाची होडी, कुणाचं दूध, कुणाची कोंबडी, असं अर्ध्या वाडीचं त्यावर चालतं. नाचणीच्या भाकरी थापायला चिमणाबाई येते. सत्तरीची, एकटी, डोळ्यांनी अधू. नात्यानं कुणी नाही, पण कृष्णात तिला आत्ती म्हणतो. तिच्या हातच्या भाकरीसाठी माणसं परत येतात, हे तिला ठाऊक आहे आणि ती तसं बोलूनही दाखवते.

वाडीच्या वरच्या अंगाला रासाईची राई आहे. देवीचं छोटं देऊळ आणि भोवती जुनी झाडं. राईच्या हद्दीला दगड लावलेत. दगडाच्या आतली वाळकी काटकीही कुणी उचलायची नाही. पडलेलं झाड तिथंच कुजायचं. वाडीत भावाभावांची डोकी फुटली असतील, पण हा नेम मोडलेला कुणी ऐकला नव्हता.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी अवेळी पाऊस आला. तळावरचं विकत आणलेलं जळण झाकायचं राहिलं आणि सगळं भिजलं. पावसामागून गडहिंग्लजचं एक कुटुंब आलं. घरचा कर्ता राजवीर, त्याची बायको, दोन लेकरं आणि म्हातारे आईवडील. गारठा मरणाचा होता.

"शेकोटी कवा पेटतीया, पावणं?" राजवीरनं विचारलं.

"लाकडं भिजल्यात ओ."

"जाहिरातीत तर झकास जाळ दाखवलायसा. का त्यो बी फोटूतच बघून शेकायचा?"

सगळे हसले, कृष्णातही हसला. पण राजवीरची आई शाल घट्ट ओढून काकडत होती, ते त्यानं पाहिलं. तो पोतं आणि कोयता घेऊन वर गेला. बाहेर कुठं कोरडं मिळेना. राईच्या कडेला हिरड्याची एक जाड फांदी कधीची मोडून पडली होती. तिचा शेंडा हद्दीच्या दगडाबाहेर आला होता. कृष्णातनं कोयता टाकून बघितला. साल ओली, आत खडखडीत. आधी त्यानं बाहेरचा शेंडा तोडला. तेवढ्यानं पोतं अर्धंही भरलं नाही. मग त्यानं दगड ओलांडला.

संध्याकाळी तळावर जाळ धडाडला. म्हातारीनं हात शेकले आणि त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला. "मास्तर, त्यो आशीर्वाद मला गरम राखेगत लागला," असं तो मला नंतर म्हणाला.

मंगळवारी पूजेला गेलेल्या आकाराम गुरवाला फांदीची जागा रिकामी दिसली. वाडी देवळापुढं जमली. असं काही झालं की कौल लावायची रीत आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आकारामनं विचारलं, "आई, हे गावातल्याच माणसाचं काम हाय काय?" बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी कळी टपकन खाली आली.

कृष्णात दुसऱ्या रांगेत उभा होता. आता बोलावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तळासाठी जंगलातली काडीही न्यायची नाही, ही परवानगीची पहिली अट होती. तळ बंद पडला तर होडीवाला, दूधवाला, सगळेच रिकामे बसणार. तो हा विचार करत होता तोवर मागून कुणीतरी म्हणालं, "त्या बाजूला रोज काटक्या कोण येचतंय?"

माना चिमणाबाईकडं वळल्या. ती गोंधळली. रोज ती दगडाबाहेरच्या काटक्या गोळा करायची, त्या फांदीच्या शेंड्याच्याही एकदोन नेल्या असतील. "मला दिसंना झालंय रं," ती म्हणाली, "दगुड वलांडला बी आसंल. व्हय, माझ्याच हातनं झालं आसंल."

"आसंल का हाय?" विजयसिंहनं दरडावलं. वाडीचा कारभार तोच बघतो.

"हाय," म्हातारी म्हणाली.

तिला देवीपुढं मोठ्यानं तसं वदवलं. नाक घासायला लावलं. दंड म्हणून नारळ आणि तिची तुऱ्याची कोंबडी घेतली आणि पुढच्या जत्रेपर्यंत राईत पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. नारळाचं ताट धरायला कुणीतरी कृष्णातला पुढं केलं. त्यानं ते धरलं.

पुढच्या शनिवारी चिमणाबाई तळावर आली नाही. तिनं निरोप धाडला, "देवीच्या चोराच्या हातची भाकरी पावण्यास्नी नगं." त्या दिवसापासून ती जळणाला राईची बाजू सोडून तलावाला वळसा घालून जाऊ लागली. निसरड्या उतारावरून काठी टेकत जाणारी ती म्हातारी कृष्णातला तळावरून रोज दिसायची. तंबूत पाहुणे हसत-खेळत असायचे. त्याचं जेवण तुटलं. बायको विचारायची, तर पित्त झालंय म्हणायचा.

शेवटी एका सकाळी तो तिच्या घरी गेला. ती दारात नाचणी पाखडत होती.

"आत्ती, फांदी म्या तोडली."

सूप थांबलं. "कुठली फांदी?"

"राईतली. शेकोटीला. तुझा काय बी दोष न्हवता."

तिनं त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तो शिव्यांची वाट बघत होता. कोंबडीचं बोलेल, नाक घासलं त्याचं बोलेल, असं त्याला वाटलं.

"म्हंजे रासाईम्होरं म्या खोटं सांगितलं," ती हळू म्हणाली. "आजवर तिच्यापुढं एक सबूद खोटा बोलला न्हवता. नवरा गेला तवा बी खरं सांगितलं, की आई, मला लई वाईट वाटंना, दारू पिऊन मारायचा. आनि आता ह्या वयात... आरं, त्या कळीनं सांगितलं गावातला हाय म्हणून. ती तुला हाक मारत हुती, आनि मी मदीच उठलो."

"चुकलं, आत्ती."

"मला काय सांगतोस? जिथं बोलायचं तिथं बोल."

मंगळवारी वाडी पुन्हा जमली आणि कृष्णातनं सगळं सांगितलं. पावसापासून ताट धरण्यापर्यंत काहीच गाळलं नाही. तळ बंद झाला तरी चालेल, अशी मनाची तयारी करून तो आला होता. मग विजयसिंह हसला.

"आरं किस्ना, तू काय सोताच्या चुलीला न्हेलीस व्हय? पावण्यासाठी न्हेलीस. पावणं म्हंजे देवच की."

"पर आत्तीला दंड लावलासा..."

"मग झालं की! एका लाकडाला दोन दंड घ्यायचं काय? दंड भरून मिटलंय. आनि हे वाडीबाहेर कुणी बोलायचं न्हाय, खात्यापत्तुर जायला नगं."

मंडळी मान डोलावू लागली. होडीवाला म्हणाला, "मोठ्या मनाचा गडी, कबूल तरी केलं." कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेखाली कृष्णात वाकला. नाक घासायला तो पुढं सरला तर दोघांनी दंडाला धरून त्याला मागं ओढलं. "कशाला उगं आता?"

"बाजूला व्हा," मागून आवाज आला. चिमणाबाई राईच्या दगडाबाहेर उभी होती.

"कोंबडी पायजे व्हय गं परत?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"कोंबडी खाल्लीसा ती खाल्लीसा. पचली आसंल तर पचू दे," ती म्हणाली. "किस्ना, मला आत यायची बंदी हाय. तूच जा तिच्याम्होरं. माझं खोटं माघारी घे. मोठ्यानं बोल, मला हितं ऐकू आलं पायजे."

आकाराम गुरव बाजूला झाला. कृष्णात देवीपुढं उभा राहिला. "आई, चिमणाआत्तीनं तुला जे सांगितलं ते तिचं न्हवतं. ते माझं हाय."

"अजून मोठ्यानं."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याला रडू आलं. आकारामनं अंगारा घेतला, दगडापर्यंत चालत गेला आणि कुणाला न विचारता तिच्या कपाळाला लावला. "ये आत," तो म्हणाला.

ती आत आली, देवीपुढं वाकली, उठली आणि जायला निघाली. कृष्णात तिच्या वाटेत उभा होता.

"आत्ती, माझं काय आता? माझा दंड तर कुणी घेईना."

"माझं म्या सोडवून घेतलं, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुझं तू बघ."

आणि ती राईच्या जवळच्या वाटेनं घराकडं गेली.

लोक पांगले. खालून, तलावाकडून, गाडीचा हॉर्न वाजला. "किस्ना, चल की," होडीवाला म्हणाला, "पावणं आल्यात." कृष्णातनं तोंड पुसलं आणि तो पाहुण्यांना सामोरा गेला. जाणं भागच होतं.