बार वाजलाच नाही

आमच्या मोहोळकडच्या माळावर काळविटांनी लष्कराला हरवलं, असं लोक अजून हसत सांगतात. खोटं आहे. लष्कराला माझ्या आईनं हरवलं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी काळविटांनी गावाच्या हरभऱ्याचा फडशा पाडायला सुरुवात केली. पाटलांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि सोलापुराहून लष्कराचे एक साहेब पाच जवान घेऊन जीपमधून आले. पहिल्याच दिवशी माळावर बंदुकीचे बार वाजले. काळवीट एकही पडला नाही, पण आवाजानं दचकून आमची एक मेंढी गाभडली, पोटातलं कोकरू गेलं. वडील मोठा कळप घेऊन भीमेकाठी गेले होते आणि जाताना बारा गाभण मेंढ्या आईच्या हवाली करून गेले होते. राहिल्या अकरा.

आईनं साहेबांना गाठलं. "सायेब, मेंढ्या व्यायला टेकल्यात, आठ दिस दम धरा की. बार वाजला की मेंढ्या गाभडत्यात."

"हरणं थांबणार आहेत का आठ दिवस?" साहेब जवानांकडं बघून हसले.

ते हसणं तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं अकराही मेंढ्या थेट काळविटांच्या कळपात नेऊन सोडल्या. काळवीट मेंढ्यांना बुजत नाहीत, शेजारी चरत राहतात. जवान नेम धरायचे तर मध्ये आमची मेंढी. मी बारा वर्षांची, दुसऱ्या टोकाला काठी घेऊन उभी होते. जागची हलले नाही.

पाटील धावत आले. "अगं, तुझा बी हरभरा खात्यात की ती हरणं!"

"खाऊ द्या. हरभरा पुन्ना पेरता येतोय."

तिसऱ्या दिवशी साहेबांचं डोकं फिरलं. हवेत बार काढून मेंढ्या हुसकवा, असं ते ओरडले. आई बंदूकवाल्या जवानासमोर जाऊन उभी राहिली. "वाजवा. पडलेलं कोकरू तुमच्याच जीपमदी आणून ठेवते."

त्या जवानानं मेंढ्यांच्या पोटांकडं बघितलं आणि बंदूक खाली केली. संध्याकाळी जीप परत गेली.

आजही गावी गेले की कुणीतरी ऐकवतंच, तुझ्या आईनं त्या साली गावाचा हरभरा घालवला. घालवला! सगळ्यात आधी आमचाच गेला, मुळासकट. पण अकराच्या अकरा मेंढ्या आमच्या अंगणात व्यायल्या. आई कुणापुढं रडली नाही, आणि तिच्या वतीनं मी कुणाची माफी मागणार नाही.