तेलाचे हात
लेकीच्या केसांना एरंडेल लावत असतानाच आमचे मल्लखांबवाले काका गेल्याचा फोन आला, आणि त्या वासाने शाळेचं मैदान समोर उभं राहिलं. काकांचं शाळेजवळच्या फ्रीगंज बाजारात पंक्चरचं दुकान होतं. शाळेशी नातं एवढंच की रोज सकाळी येऊन ते आमच्या मल्लखांबाला एरंडेल चोळून द्यायचे. आमचा संघ राज्यात पहिला आला, तेव्हा सत्कारात सरांनी त्यांनाही मंचावर बोलावलं. शाल पुढे येताच ते मागे सरले. "हाथ तेल के हैं साहब, खराब हो जाएगी," म्हणत त्यांनी ती मनगटांवर झेलली. सगळे हसले, मीही हसले. फोन ठेवून तशीच त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या अंगावर भैरवगढच्या ठसेछपाईची तीच सत्काराची शाल होती. तिची घडी बहुतेक आजच मोडली होती. माझे हात तेलाचेच होते. मी लांबूनच नमस्कार केला.