नळवाली

साखरेच्या डब्यात तांबडी माती निघाली तेव्हा एरवी रेलीनला हसू आलं असतं. दर वर्षी यायचं. हिवाळाभर गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत उत्तरेकडे हिंडायचं, उन्हाळा तापायच्या आत रेनमार्कला घरी परतायचं, आणि मग नाताळपर्यंत कपाटाच्या फटींतून, गादीच्या शिवणीतून, किटलीच्या बुडाखालून त्या मुलखाची माती निघत राहायची. जुना टूथब्रश घेऊन ती कोपरे घासायची आणि नवऱ्याला ओरडून सांगायची, "नेव्ह, ये बघ, अख्खं वाळवंट उचलून आणलंय आपण!" यंदा मात्र तिने तो डबा सिंकमध्ये असा आपटला की खिडकीबाहेरचा मॅगपाय पक्षी घाबरून उडाला.

कारण यंदा ती घरी परतली होती ती नळवाली होऊन.

झालं होतं असं. कॅथरिन गावातला कॅरॅव्हॅन पार्क, संध्याकाळची वेळ. अशा वेळी सगळी रिटायर मंडळी घडीच्या खुर्च्या मांडून, थंड बिअर हातात घेऊन बसतात आणि नव्याने येणारी कॅरॅव्हॅन जागेवर कशी लागते त्याची मजा बघतात. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हाताने खुणा करतेय, नवरा चिडतोय, बायको करवादतेय, आणि प्रेक्षक बिअरच्या डब्याआड हसताहेत. हा खेळ कुणालाच चुकत नाही. पण त्याचा एक कायदा आहे आणि तो सगळ्यांना मान्य आहे. मागे उभा असेल तो म्हणेल ते खरं. चालवणाऱ्याने आरशात त्याचा हात बघायचा आणि मुकाट्याने ऐकायचं. धडक बसली तर चूक मागच्याची.

रेलीन मागे उभी होती. पाण्याच्या नळाचा खांब जवळ आला तसा तिने हात उंच केला, पंजा उघडला. थांब. या खुणेचा दुसरा अर्थ जगात कुठे होत नाही. कॅरॅव्हॅन थांबली नाही. ती कशीबशी बाजूला उडी मारते तोवर खांब मोडला, कॅरॅव्हॅनचा कोपरा चेपला, पाण्याचा फवारा उडाला आणि बाई नखशिखांत भिजल्या. नेव्हिल खाली उतरला आणि सगळ्या पार्कासमोर खेकसला, "अगं थांब म्हणायचं तर थांब म्हण ना! ये-ये काय करत बसलीस?"

ये-ये! तिने ये-ये केलंच नव्हतं. पण समोर सगळ्या खुर्च्या हसत होत्या, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि नेव्हिल पडला आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस. एवढ्या वर्षांत बसवर एक ओरखडा उठू दिला नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. अशा माणसाशी त्या अवतारात भांडणार कसं? "चुकलं माझं," ती म्हणाली. आणि पुढे कित्येक दिवस गाडीत बसल्या बसल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. खरंच आपण ये-ये केलं की काय? आता हातही आपलं ऐकेनासा झाला की काय? माणसाला स्वतःच्याच हाताचा भरवसा वाटेनासा होतो, याहून वाईट काय असतं सांगा.

घरी आल्यावर नेव्हिलने ती गोष्ट बोल्स खेळायच्या क्लबात रंगवून सांगितली. झालं. ती सॅंडविचचं ताट घेऊन आत शिरली की कुणीतरी ओरडायचं, "सरका रे, नळवाली आली! छत्र्या उघडा!" खाटकाच्या दुकानात तेच, चर्चच्या पायरीवर तेच. ती हसायची. दात दाखवून हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

त्यात नेव्हिलचं वागणं. सिडनीला जायचं असो की कोपऱ्यावरून दूध आणायचं असो, गाडीची किल्ली कधी हातातून न सोडणारा माणूस आता म्हणायचा, "तू चालव, माझा गुडघा दुखतोय." चहा ओतला की निम्मा बशीत. आणि बोलताना तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचा. लाज वाटत असेल मेल्याला, असं तिला वाटायचं. निदान लाज तरी वाटतेय.

मग एका मंगळवारी ती बाजारातून आली तर कॅरॅव्हॅनच्या खिडकीत पुठ्ठा लावलेला. विकणे आहे.

पिशव्या हातातच ठेवून ती परसात गेली. नेव्हिल टोमॅटोच्या वाफ्यात पाइप धरून उभा होता. "ते काय आहे?"

"काय काय आहे?"

"पुठ्ठा, नेव्हिल. पुठ्ठा!"

"अगं, झालं आता फिरून," तो लिंबाच्या झाडाला उद्देशून म्हणाला. "थकतेस तू. आणि तुला मागे उभं राहून खुणा करायला जमत नाही, कॅथरिनच्या पार्कात बघितलं ना सगळ्यांनी. उद्या माणूस चिरडशील एखादा."

रेलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कॅरॅव्हॅन म्हणजे तिचं सगळं होतं. या घरात ती लग्न होऊन आली ती सासूच्या पडद्यांत, सासूच्या कपाटांत, सासूने लावलेल्या गुलाबांत. आणि फळं भरायच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून संत्री निवडण्यात तिची कंबर गेली. कॅरॅव्हॅनमधला प्रत्येक खण तिने लावला होता, प्रत्येक उशी तिने शिवली होती. मे महिन्यात निघताना कॅरॅव्हॅनचं दार लागलं की तिला श्वास घेतल्यासारखं वाटायचं. आणि हा तिला न विचारता विकतोय, वर तिच्याच माथ्यावर खापर फोडून.

"मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात. लॉक्सटनचं एक जोडपं येतंय शनिवारी बघायला."

ती घरात गेली. त्या रात्री त्याला ताटात थंड हॅम आणि ब्रेड मिळाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा केल्विन कुंपणापाशी आला. उन्हाळ्यात त्याच्या झुकिनीला ताळ राहत नाही, मग तो गल्लीभर वाटत फिरतो. दुधीएवढ्या दोन झुकिन्या पुढे करत म्हणाला, "बरं केलंत विकायचं ठरवलंत ते. जिवाला त्रास होणारच गं, पण डोळ्यांचं असं झाल्यावर..."

"कुणाच्या डोळ्यांचं?"

केल्विनचा चेहरा उतरला. "तुला... सांगितलं असेल ना त्याने?"

"केल्विन, बोलतोस की झुकिनी डोक्यात घालू?"

मग सगळं बाहेर आलं. नेव्हिल आणि तो अ‍ॅडलेडला क्रिकेटची मॅच बघायला म्हणून गेले होते ते मॅचला नव्हतेच गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डॉक्टरने गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. "मागच्या उन्हाळ्यापासूनच असं होतंय म्हणाला. आरशात तर काहीच नाही म्हणे, नुसता करडा डाग."

मागच्या उन्हाळ्यापासून. म्हणजे कॅथरिनच्या आधीपासून. रेलीन कुंपणाला धरून उभी राहिली. तो तिच्यावर कॅरॅव्हॅन घालत होता, आरशात नुसता डाग बघत. तिने उडी मारली नसती तर त्या खांबाच्या जागी तीच होती.

"आणि तू मला नळवाली म्हणत होतास, केल."

"सगळेच म्हणत होते गं..." केल्विन झुकिनीला म्हणाला.

तिने लगेच जाऊन नेव्हिलची गचांडी धरली नाही. खरं तर धरायला हवी होती. पण तिच्या मनाने घेतलं की हे त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. रोज चहाच्या वेळी ती विचारायची, "नेव्ह, मला काही सांगायचंय का तुला?" आणि तो म्हणायचा, "टोमॅटोला पाणी घातलंस का?" एकदा म्हणाला, "बिस्किटं संपलीत." तिचा राग कुकरमधल्या वाफेसारखा आत साठत गेला.

शनिवारी लॉक्सटनचं जोडपं आलं. ब्रॉडी नावाचा तरणाबांड गडी आणि त्याची पोटुशी बायको शिओना. शिओनाने आत जाऊन खण उघडले, उशांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कित्ती छान शिवल्यात हो." रेलीनला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. बिचारीचा काय दोष.

"एकदा ओढून दाखवता का?" ब्रॉडीने विचारलं. "ब्रेक कसे लागतात बघायचंय."

"केल्विन येतोय," नेव्हिल घाईने म्हणाला. "माझा गुडघा..."

रेलीनने खुंटीवरची किल्ली काढली. "केल्विन कशाला? मी आहे ना."

"तू? अगं तू कधी ओढलीस?"

"मला कधी ओढू दिलीस?"

लग्नाआधी बापाच्या संत्र्याच्या बागेत ही पोरगी ट्रॅक्टरमागे भरलेला ट्रेलर लावून झाडांच्या ओळींतून मागे घ्यायची. लग्नानंतर तिला कुणी ते विचारलंच नाही, आणि बसवाल्याच्या बायकोने आपणहून सांगायचं कसं. तिने गाडी कॅरॅव्हॅनपुढे लावली, आकडा अडकवला, साखळी घातली, कॅरॅव्हॅनचं पुढचं छोटं टेकूचं चाक वर घेतलं. नेव्हिल बाजूला उभा राहून ऐकत होता, एकेका खटक्याला मान हलवत. मग ती निघाली, नदीपर्यंत गेली, ब्रेक लावून बघितले, वळसा घालून परत आली आणि रस्त्यावर गाडी आडवी लावून काच खाली केली.

"आता आत घेते. नेव्ह, मागे उभा राहा."

"केल्विन राहील."

"मागे बायको असते, नाहीतर नवरा असतो. तू राहा."

समोरच्या घरातली माणसं गाडी धुवायची थांबली. केल्विन कुंपणावर रेलला. खुर्च्या तेवढ्या नव्हत्या.

नेव्हिल मागे गेला आणि बरोब्बर मधोमध उभा राहिला, जिथे कुठल्याच आरशात माणूस दिसत नाही. रेलीनने डोकं बाहेर काढलं आणि गेली कित्येक वर्षं जे ऐकत आली ते जसंच्या तसं भिरकावलं, "मला तू दिसत नाहीयेस! तुला माझा आरसा दिसत नसेल तर मला तू दिसणार आहेस का? किती वेळा सांगायचं? डोकं आहे का ठिकाणावर?"

तो कडेला सरकला. हात वर केला. ये. ये.

ती मागे येऊ लागली. डाव्या आरशात तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. कडेचा रस्ता, गवत, आणि नेव्हिलने स्वतःच्या हाताने बांधलेली विटांची पत्रपेटी. कॅरॅव्हॅनचा कोपरा सरळ त्या पेटीवर चालला होता, तोच चेपलेला कोपरा. नेव्हिल पेटीकडे तोंड करून उभा होता, त्या पेटीकडेच टक लावून बघत होता आणि हात हलवत होता. ये. ये. ये.

रेलीनचा पाय ब्रेकवर गेला. मग तिने तो काढला. मागचा म्हणेल ते खरं.

धाडकन आवाज झाला. विटा कोसळल्या, पत्रा करकरला. शिओना किंचाळली. रेलीन खाली उतरली, दार लावलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चूक कुणाची?"

नेव्हिल चाचपडत पुढे झाला. पायाला वीट लागली तेव्हा त्याला कळलं काय पडलंय ते. "माझी," तो पुटपुटला. "मागच्याची."

"आणि कॅथरिनला?"

तो लिंबाच्या झाडाकडे बघायला लागला. आणि तेव्हा कुठे रेलीनच्या लक्षात आलं की तो झाडाकडे बघतच नाहीये. इतके दिवस नजर चुकवत नव्हता तो. तिचा चेहरा दिसावा म्हणून बाजूला बघत होता.

"तू थांबच म्हणाली असशील," तो म्हणाला. "मला दिसलं नाही, रेल. हातही नाही, तूही नाही."

"मोठ्याने बोल. कुंपणापर्यंत जाऊ दे."

"तिची चूक नव्हती!" नेव्हिल ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "मला दिसत नाही! मी आंधळ्यासारखा गाडी चालवत होतो!"

केल्विनने टोपी काढली. रेलीनला वाटलं होतं हे ऐकलं की आपल्याला बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! "तू मारलं असतंस मला," ती म्हणाली. "मारलं असतंस, आणि वर क्लबात सांगितलं असतंस की बिचारीला खुणा करता येत नव्हत्या."

"म्हणून तर विकतोय. रात्री झोप लागत नाही मला. सारखी तू तिथे उभी दिसतेस."

"मग मला सांगायचं होतंस! किल्ली माझ्या हातात द्यायची होतीस! तर नाही. कॅरॅव्हॅन विकेन, बायकोला नळवाली करेन, पण डाव्या सीटवर बसणार नाही. असंच ना?"

नेव्हिलने पायाने एक वीट बाजूला सारली. म्हणजे असंच.

ब्रॉडी खाकरला. "एवढं चेपलेलं चालेल आम्हाला, आमचा मेव्हणा पत्र्याचंच काम करतो..."

"विकायची नाहीये ती," रेलीन म्हणाली. तिने खिडकीतला पुठ्ठा ओढून काढला, मधोमध फाडला आणि केल्विनच्या हातात दिला, झुकिनीखाली अंथरायला. मग परत गाडीत चढली, थोडी पुढे घेतली, आणि एकाही खुणेशिवाय, फक्त आरशात बघून, कॅरॅव्हॅन शेडपाशी जागच्या जागी लावली. समोरच्या घरातल्या कुणीतरी टाळी वाजवली, तर तिने असं काही बघितलं की ती टाळी एकटीच राहिली.

नेव्हिल पडलेल्या विटांवर बसला होता. ती त्याच्या समोरून न जाता बाजूला उभी राहिली, त्याला दिसेल अशी.

"मे महिन्यात निघायचं," ती म्हणाली. "मी चालवणार."

"आणि मी काय करू, डावीकडे बसून?"

"इतकी वर्षं मी काय करत होते? धुळीत उतरून वाटेतलं एकेक फाटक उघडायचं, गाडी गेली की लावून घ्यायचं, आणि धावत येऊन बसायचं. आता तू उतर. कॅथरिनलाही थांबणार आहोत. त्याच पार्कात, त्याच वेळी, सगळ्या खुर्च्यांसमोर आता म्हणालास ते पुन्हा म्हणायचं."

नेव्हिलने मान हलवली. मग हात पुढे केला, तिने उठवावं म्हणून.

रेलीनने त्या हाताकडे बघितलं. अजून राग गेला नव्हता, आणि इतक्यात जाणारही नव्हता. "आधी विटा गोळा कर," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.