शिट्टी शेवटच्यासाठी

माझी मावशी शाळेत खेळ शिकवायची. मुलं तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. शिट्टी कायम तिच्या गळ्यात असायची, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. एकदा तर कुणाच्या तरी लग्नातही ती तशीच आली. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, त्या दिवशी जेवायला मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती.

आम्ही तिघी दोन खोल्यांत राहायचो. त्यातल्या एका खोलीवर मावशीच्या चेंडूंचा कब्जा होता. पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे, जिकडे बघावं तिकडे हवा गेलेले चेंडू. संध्याकाळी ती एकेकाची शिवण उसवायची, आतला फुगा काढून बादलीतल्या पाण्यात दाबायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायची आणि तिथं सायकलवाल्याकडून आणलेलं ठिगळ चिकटवायची. रबराच्या त्या वासात आम्ही जेवायचो. शाळा नवे चेंडू देत नसे. शाळेच्या लेखी खेळाचा तास म्हणजे गणिताच्या सरांची राखीव जमीन होती. धडा मागे पडला की घ्या तिकडून कापून.

मावशीची एक पद्धत होती, आणि त्यावरून तिचं सगळ्यांशी वाजायचं. शर्यत संपल्याची शिट्टी ती पहिला आलेल्यासाठी वाजवत नसे. शेवटचं मूल रेघ ओलांडायचं तेव्हा वाजवायची. तोवर बाकीच्यांनी रेघेपाशी उभं राहायचं, कुणी घरी पळायचं नाही, पाण्याच्या नळाकडे जायचं नाही. पहिल्या आलेल्या पोरांचे पाय वळवळायचे. पालक तक्रार करत की अमक्या लठ्ठ्यासाठी आमच्या मुलाला उन्हात उभं का ठेवता. मावशी म्हणायची की पहिला आलेल्याला शिट्टी कशाला हवी, तो पहिला आलाय हे त्याला कळलंय की. जो मागे राहिलाय त्याला कळायला हवं की कुणीतरी थांबलंय.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. माझी आई लहानपणी सारखी खोकायची, म्हणून घरच्यांनी तिला जपलं. धावू नको, घाम येईल. बाहेर जाऊ नको, वारं लागेल. थोरली बहीण अंगणभर उंडारायची आणि धाकटी खिडकीत बसून बघायची. पुढे खोकला गेला, खिडकी मात्र गेली नाही. आई आजही कठडा धरल्याशिवाय जिना उतरत नाही. आणि कुणी जरा आवाज चढवला की चूक नसतानाही हीच माफी मागून मोकळी होते. एकदा सहज बोलताना ती म्हणाली होती, "मला पडायची फार भीती वाटते. पडायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही." मावशी तेव्हा चेंडू शिवत होती. तिनं मान वर केली नाही, पण सुई बराच वेळ तशीच हातात राहिली.

मी त्या वेळी शाळेसमोरच्या छापखान्यात कामाला होते. दुपारच्या सुट्टीत मैदानाच्या कठड्यावर बसून डबा खायचे आणि मावशीचा तास बघायचे. तिथंच मी गोगलगाय पाहिली.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. मुलगी नऊ-दहा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, खांदे पुढे आलेले. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर घरी कुणी नसल्यामुळे पोरगी खोलीला आतून कडी लावून बसून राहायची आणि जे हाती लागेल ते खायची. शाळेत दुसऱ्या मजल्यावर वर्ग होता. जिन्याच्या मधल्या वळणावर ती रोज बसायची आणि सगळी शाळा तिला ओलांडून वर जायची. तिचा आवाज कसा आहे ते वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

मावशीनं तिला कधी ओढलं नाही की दटावलं नाही. आधी फक्त फक्की पसरायला लावली. मैदानावर रेघा आखायच्या म्हणजे ती पांढरी भुकटी घेऊन सगळं मैदान चालणं आलंच. मग म्हणाली, ही रेघ जरा भरभर आख बघू. असं करत करत पोरगी केव्हा धावायला लागली ते तिलाही कळलं नसावं. धावणं म्हणजे काय, हत्ती डुलत यावा तसं. सगळे रेघेपाशी उभे, आणि ही अजून पलीकडच्या कोपऱ्यात. पण ती यायची. शिट्टी वाजायची. पहिल्या पहिल्यांदा मुलं हसत, मग कंटाळून हसायची थांबली, आणि एक दिवस त्यांच्यातलंच कुणीतरी ओरडलं, चल गं, चल, भूक लागलीय. त्या दिवशी ती हसत रेघेवर आली. मावशीनं घरी येऊन ते आम्हाला दोनदा सांगितलं.

वर्षभरात ती जिन्यात बसेनाशी झाली. तिची आई एकदा इस्त्रीचे भाजलेले हात पदरात लपवत मावशीला भेटायला आली. तक्रारीच्या सुरात सांगायला लागली की पोरगी आता रात्री पडल्या पडल्या झोपते, सकाळी उठून भांडते, मला केस असेच हवेत म्हणते, शेजारच्या मुलाला काल तिनं ढकललं. "आधी कशी गुपचूप असायची," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला हसू आलं. मावशीला आयुष्यात बक्षीस वगैरे कधी मिळालं नाही. ते हसू हेच काय ते.

मग मैदानावर इमारत बांधायचं ठरलं. जास्त वर्ग, जास्त मुलं, सरळ हिशेब. मावशी मोठ्या सरांकडे गेली, संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. वाढत्या हाडांना पळणं लागतं, दमलेलं मूल शांत झोपतं आणि झोपलेल्या मुलाच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी गणितही शिरतं, हे तिनं तिच्या परीनं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. अध्यक्षांनी शांतपणे चहा संपवला आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो होते. ते म्हणाले, "बाई, या मैदानानं आजवर आपल्याला काय दिलं? एक कप दाखवा. यंदाची रिले जिंकून आणा, मैदानाला हात लावत नाही."

मावशी घरी आली ती जेवलीच नाही. सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

तिनं धावणारी मुलं निवडली. रिलेला चौघं लागतात, वर राखीव दोघं, एवढीच. खेळाचा सगळा तास त्यांचा. बाकीची शाळा वर्गात बसून पाढे लिहायला लागली, आणि गणिताच्या सरांना आभाळ ठेंगणं झालं. थोडे महिनेच तर आहेत, मावशी आम्हाला सांगायची. मैदान राहिलं तर सगळी राहतील. मला ते तेव्हा पटलं होतं. कुणालाही पटेल असंच होतं ते.

गोगलगाय दोन दिवस फक्कीच्या डब्यापाशी येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मी कठड्यावरच होते.

"बाई, मी शेवटची येते म्हणून?"

"नाही गं बाळा. कप आला की तुझी जागा तुलाच. मी सांगते ना."

पोरगी मान हलवून वर्गात गेली. मोठ्यांनी सांगितलं म्हणजे ते खरंच असतं, अशा वयाची होती ती.

त्यानंतर मैदानावर जे चाललं ते बघत डबा खाणं मला जड जायला लागलं. मावशीच्या एका हातात स्टॉपवॉच आलं. शिट्टी पहिला रेघेवर आला की वाजायची आणि मागून येणाऱ्याकडे ती बघायचीही नाही. संघातल्या एका मुलाची नडगी दुखत होती, तो रडवेला झाला, तर तिनं पट्टी बांधून त्याला पुन्हा उभा केला. ज्या बाईनं जन्मभर पोरांना थांबायला शिकवलं, तीच आता 'थांबू नको' म्हणून खेकसत होती. मी घरी तोंडावर बोलले तिला, की तू अशी कधीपासून झालीस. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आई दोघींच्या मध्ये बसून, सवयीप्रमाणे, दोघींची माफी मागत राहिली.

आणि पोरं जिंकली. खोटं कशाला सांगू, मीही उड्या मारल्या. नडगीवाला मुलगा शेवटचा टप्पा धावला आणि रेघ ओलांडून तिथंच कोसळला. कप काचेच्या कपाटात गेला. अध्यक्षांनी भाषणात मावशीचं नाव घेतलं, ते चुकीचं घेतलं, पण घेतलं. त्या रात्री मावशी दोन घास जास्त जेवली आणि म्हणाली की सोमवारपासून पुन्हा सगळ्यांचा तास.

सोमवारी मैदानाभोवती खड्डे खणायला माणसं आली होती. आठवड्यात जाळीचं कुंपण उभं राहिलं, फाटक लागलं, फाटकाला कुलूप लागलं. बाहेरून एक प्रशिक्षक आणला. संघ मोठा करायचा, इतर शाळांतली चांगली मुलंही फी घेऊन घ्यायची, दरवर्षी कप आणायचा. मैदान आता महत्त्वाचं झालं होतं, त्यामुळे ते कुणालाही वापरू देणं शक्य नव्हतं. बाकीच्या मुलांच्या वेळापत्रकात खेळाच्या जागी 'उजळणी' आलं. मावशी तावातावानं मोठ्या सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळलं नाही की ती का चिडली आहे.

"मैदान वाचलं ना बाई? तुम्हालाच तर हवं होतं."

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. इमारत झाली असती तर निदान बिल्डरला तरी शिव्या घालता आल्या असत्या. तिनं संध्याकाळी गल्लीत मुलं जमवायचा प्रयत्न केला, पण गल्लीत गाड्या, खिडक्यांच्या काचा, आणि शिकवणीच्या वेळा. चार आली, दोन उरली, मग तीही येईनात. ठिगळ लावलेले चेंडू पलंगाखाली तसेच पडून राहिले आणि हळूहळू पुन्हा बसले. हवा अशीही जातेच.

गोगलगायीला तिनं पुढे एकदाच नीट पाहिलं. जिन्याच्या वळणावर. चष्मा हातात धरून बसली होती, छाती भात्यासारखी हलत होती, आणि मुलं ओलांडून जात होती. मावशी तिच्या शेजारच्या पायरीवर बसली. पोरगी रागावलेली वगैरे नव्हती, नुसती सरकून तिनं जागा करून दिली. त्याच सुमारास लॉन्ड्रीत कपडे द्यायला मी गेले होते, तेव्हा तिची आई भेटली. बाईंना नमस्कार सांगा म्हणाली. पोरगी फार शहाणी झालीय आता, भांडत नाही, काही मागत नाही, घरात आहे की नाही तेही कळत नाही. हे तिनं कौतुकानं सांगितलं. मी घरी येऊन मावशीला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं लगेच वाटलं. मावशीनं आईकडे बघितलं. आई नेहमीसारखी खिडकीत बसून भाजी निवडत होती.

पुढच्या वर्षी शाळेच्या मैदानावर स्पर्धा भरली. खुर्च्या, मांडव, पाहुणे. प्रशिक्षकाच्या हातात घड्याळ होतं, पण मान म्हणून शेवटची शिट्टी मावशीनं वाजवायची असं अध्यक्षांनी सुचवलं. बाकी सगळी शाळा जाळीबाहेर रांगेनं टाळ्या वाजवायला बसवली होती. मी कठड्यावर जागा धरली. गोगलगाय जाळीला टेकून बसली होती, तिची पाठ मैदानाकडे होती.

मुलं सुटली. आमच्या शाळेचा मुलगा सहज पहिला आला. टाळ्या झाल्या. मावशीनं शिट्टी ओठांना लावली होती, वाजवली नाही. दुसरा आला, तिसरा आला, सगळे आले. लोकांना वाटलं तिचं लक्ष नाही. प्रशिक्षकानं हळूच खूण केली. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. मावशी रेघेपाशी उभी होती आणि जाळीपलीकडे बघत होती. पहिला आलेला मुलगा धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला, त्या बिचाऱ्याला वाटलं आपलं काही चुकलं. शेवटी प्रशिक्षकानं स्वतःची शिट्टी काढून वाजवली आणि कार्यक्रम पुढे गेला.

आम्ही घरी आलो. आईनं दार उघडलं, मावशीच्या गळ्याकडे बघितलं आणि शिट्टी कुठे म्हणून विचारलं. मावशीनं ती मुठीतून काढून खिळ्याला अडकवली.

"का नाही वाजवलीस?" मी विचारलं.

"शेवटची आली नव्हती," ती म्हणाली.

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. शिट्टी त्याच खिळ्याला आहे, आता तिच्यावर हिरवट थर चढलाय. ती मुलगी एव्हाना मोठी झाली असेल. जिने चढताना मध्ये बसते की नाही, कुणी आवाज चढवला की चूक नसताना माफी मागते की नाही, मला माहीत नाही. मावशी मात्र अजूनही कुठल्या इमारतीत गेली की जिन्याच्या वळणावर थांबून खाली वाकून बघते.