समोरचं पोतं

कॉफीहाउस उघडायचं ठरवलं तेव्हा माझ्या काकांनी विचारलं होतं, "सोलापुरात पैसे देऊन लोकगीतं ऐकायला कोण येणार गं?" प्रश्न रास्त होता. पहिल्या वर्षी आले ते आमचेच नातेवाईक, आणि तेही पैसे न देता.

जागा नान्नांची. नान्ना म्हणजे माझे वडील. आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलतो. त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे बारा पॉवरलूम होते. माग भंगारात गेले आणि फरशीला बोल्टांची भोकं तेवढी राहिली. मी ती सिमेंटनं बुजवली, भिंतींना चुना दिला, नऊ टेबलं मांडली. फिल्टर कॉफी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढाच कारभार. गाणी रविवारी सकाळी आठ ते दहा, कारण त्यानंतर पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. अक्कलकोटकडचे एक गृहस्थ कन्नड पदं म्हणायचे. एक भारूडवाले लोकांना इतकं हसवायचे की कॉफी गार व्हायची. हलगीवाला आला त्या दिवशी शेजारच्या दवाखान्यातून हात जोडून निरोप आला.

नान्ना शेडच्या मागच्या खोलीत राहायचे. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान पार गेलेले. बोलायचं तर पाटीवर लिहून दाखवायचं. पण पाय भारी तयार. माग चालू असताना अनवाणी उभे राहून ते सांगायचे, "सातव्याचा धोटा अडकतोय," आणि सातव्याचाच अडकत असायचा. आता त्यांच्याकडे ऐकायला काही उरलं नव्हतं, तरी सवयीनं ते दिवसभर तळपाय फरशीला टेकवून बसत.

नवं कॉफीहाउस काढणाऱ्याला एक खोड असते, ती मलाही होती : कुठून तरी जुनं जातं आणायचं, त्यावर काच टाकायची आणि टेबल म्हणून मिरवायचं. मी आणलं. आमच्या गल्लीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एक बाई होत्या, त्या ते बघून हसल्या. म्हणाल्या, "माझी आई लई ओव्या म्हणायची जात्यावर. पण जातं चालू पाहिजे, काचेवर कसं म्हणंल?"

आई जेऊरजवळच्या एका खेड्यात राहायची. मेंढरं पाळणारं घर. पुढच्या शनिवारी पॅसेंजरनं लेकीकडे आली आणि लेक तिला घेऊन माझ्याकडे. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, एक खांदा दुखरा, डोळे मात्र बारीक आणि खवचट. मी तिला मावशी म्हणू लागले. तिनं काच बाजूला सारली, खुंटा धरून एक फेरा दिला आणि सोडून दिला.

"ह्ये परकं हाय," ती म्हणाली. "माजी ववी माज्याच जात्यावर चालती. आनायचं आसंल तर ते आन."

मी हट्टाला पेटले आणि टेम्पो करून गेले. तिच्या गावात पिठाची गिरणी आल्यापासून ते जातं न्हाणीपाशी पालथं पडलं होतं आणि सुना त्याच्यावर कपडे आपटत होत्या. सोलापूरला आणून पाथरवटाकडून टाकी लावून त्याच्या गुळगुळीत झालेल्या तळ्या पुन्हा खरखरीत करून घेतल्या.

पहिल्या रविवारी मावशीनं जात्याच्या अल्याड एक पोतं घडी करून टाकलं, पल्याड दुसरं. मला वाटलं, सोबतीण येणार असेल. कुणी आलं नाही. ती एका पोत्यावर बसली, ज्वारीचा घास जात्याच्या तोंडात घातला आणि गाऊ लागली. आवाज म्हातारा होता, पण खणखणीत. दोन ओळी म्हटल्या आणि गप्प झाली. नुसती घरघर. तीन-चार फेरे असेच गेले, मग पुढच्या दोन ओळी. परत गप्प. पूर्ण तासभर हाच प्रकार. कॉलेजची पोरं त्या मोकळ्या फेऱ्यांत मोबाइल काढून बसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उठताना तिनं आपलं पोतं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मी दुसरं उचलायला वाकले तर माझ्या मनगटावर फटका मारला.

"ऱ्हाऊ दे. ती उटली न्हाय अजून."

म्हातारं माणूस म्हणून मी सोडून दिलं. पोतं तिथंच राहिलं. आठवडाभर गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात होती. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा एका पोरीनं त्याच्यावर बसून फोटो काढून घेतला आणि लगेच उठली. म्हणाली, "ताई, इथं कुणाची तरी जागा आहे का?"

तिसऱ्या रविवारी मावशी दळत असताना मी नान्नांना कॉफी द्यायला मागे गेले. मधे भिंत आहे, खिडकीसुद्धा नाही. ते तळपाय टेकवून बसले होते आणि तोंडावर मागांच्या दिवसांतलं समाधान होतं. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "ती दुसरी बाई कोण? तिचा हात पहिलीपेक्षा चांगला आहे."

मी पाटीवर लिहिलं, "एकच आहे."

त्यांनी वाचून मान हलवली. "एक ओढते, एक ढकलते. मला शिकवू नकोस."

मी परत आले. पत्र्यात बसवलेल्या काचेतून स्वच्छ ऊन खाली पडलं होतं. मावशी डोळे मिटून दळत होती, गप्प, तो मोकळा फेरा चालला होता. समोरच्या पोत्यावर ऊन होतं आणि बाकी काही नव्हतं. तेव्हा मात्र मी तिच्या हाताकडे नीट पाहिलं. दुखऱ्या खांद्याची, सत्तरीची बाई तासभर ती धोंड ओढत होती आणि तिला धाप लागली नव्हती. भर सकाळी, एवढ्या माणसांत, माझ्या अंगावर काटा आला. मी कुणाला बोलले नाही. भुतांची अफवा पसरली असती तर आहेत ती गिऱ्हाइकं पळाली असती, किंवा नको ती आली असती.

सगळे गेल्यावर मात्र मी मावशीला सरळ विचारलं. तिनं काही लपवलं नाही. कॉफी बशीत ओतून फुंकत सांगितलं.

समोरची जागा तिच्या थोरल्या जावेची. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी पहाटे समोरासमोर बसून दळायच्या. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं तिला आपली जोडून ती उचलायची. ओवीत प्रत्येक बाई आपल्या भावाचं कौतुक करते, तसं ह्याही करायच्या. एका दिवाळीनंतर मावशीनं ओवी टाकली :

सण दिवाळीचा बाई, बंधू माजा आला दारी,
काखंत लुगडं त्याच्या, काठ त्याचा जरतारी.

"तिचा भाऊ त्या सालाला आलाच न्हवता," मावशी म्हणाली. "मला ठावं व्हतं की. ठावं आसून म्हनलं. आदल्या दिशी तिनं माज्या भाकरीला नाव ठेवलं व्हतं, त्येचा राग."

"मग?"

"मग काय. तिनं खुंटा सोडला आन् उटली. घास तसाच जात्याच्या तोंडात. ववी आरदी. आमच्यात घास ठिवून उटत न्हाईत, लई वंगाळ. तशीच मेंढरामागं गेली, तिकडंच तापली. चौथ्या दिशी बैलगाडीत घालून आनली ती मेलेली."

बशी तिनं खाली ठेवली.

"म्या टाकलेली ववी तिनं उचलायची ऱ्हायली. तिच्या भावाचं नाव घिऊन तिनं काय बी म्हनावं, मला शिव्या द्याव्या, पर उचलावी. हितं आल्यापासनं येती ती. वडती माज्यासंगं, बाकीच्या वव्या उचलती बी. निस्ती त्या ववीला गप बसती. माजा खांदा ऱ्हाईला किती दिस, सांग? तवर तिनं उचलली तर बरं. न्हाईतर वर गेल्यावर कुटल्या तोंडानं बसू तिच्याम्होरं?"

खरं सांगते, मला तिची दया आली आणि भीतीही वाटली. पण दोन्हीपेक्षा जास्त मला धंद्याची घाई होती. मी मोबाइलवर तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एरवीच्या दिवशी लावाव्यात म्हणून ऐकल्या तर निम्मा वेळ घरघर. मी बसून सगळे मोकळे फेरे कापून टाकले. ओवीला ओवी जोडली, छान वीस मिनिटांचं झालं. गिऱ्हाइकांना आवडलं. मूळ मुद्रण मी पुसून टाकलं. आमच्या घरात वाया गेलेलं सूत ठेवायची पद्धत नाही.

शनिवारी मावशी स्टेशनवरून थेट माझ्याकडे आली तेव्हा तेच चालू होतं. दारातच थांबली. आपलाच आवाज एकामागून एक ओव्या म्हणत होता, श्वास न घेता. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, खूश झाली.

"तिला बसाय जागाच ठिवली न्हाईस तू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जातं फिरेना. तिनं ओढलं, अर्धा फेरा झाला, थांबलं. परत ओढलं. कपाळावर घामाचे थेंब आले. दहा मिनिटांत तिनं खांदा धरला आणि मागे सरली. लोकांना वाटलं, वय झालं. नान्ना आतून आले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "दुसरी आली नाही आज?" मला तोंड लपवायला जागा नव्हती. पुढच्या रविवारीही तेच. समोरचं पोतं पसरलेलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या दोन आठवड्यांत लोक त्याच्यावरून खुशाल पाय देऊन जात होते.

मी ती जोडलेली गाणी पुसून टाकली. मावशीची माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाली, "आता येक डाव बसते. न्हाई जमलं तर जातं गावाकडं धाडून दे."

त्या रविवारी मी दाराला बाहेरून पाटी लावली : आज बंद. आत फक्त आम्ही दोघी, आणि भिंतीमागे नान्ना; त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मी ओढू लागते."

"वड. पर तिच्या पोत्यावर बसू नगं, बाजूला बस. आन् तोंड उघडू नगं, घास बी घालू नगं."

मी पोत्याशेजारी फरशीवर बसले आणि खुंट्याला हात लावला. जातं अवजड होतं, दोघींना मिळून जेमतेम फिरत होतं. मला लय जमेना, मधेच माझा हात आडवा यायचा. मावशीनं एक ओवी म्हटली, गप्प राहिली. दुसरी म्हटली. असा अर्धा तास गेला असेल, आणि माझ्या तळहातातला ताण कमी कमी होत गेला. मी म्हटलं, आपल्याला आता जमायला लागलं.

मग तिनं मूठभर ज्वारी उरली होती ती सगळी जात्याच्या तोंडात घातली आणि ती ओवी म्हटली. सण दिवाळीचा. जरतारी काठापर्यंत आली आणि थांबली.

मी कान देऊन ऐकत होते. मला घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही, ते खोटं सांगणार नाही. पण जातं हलकं झालं, पाळणा हलवावा इतकं. मी मावशीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. माझी बोटं खुंट्याला नुसती टेकलेली. मी मागवाल्याची मुलगी आहे, फिरणाऱ्या वस्तूला गती असते हे मला कळतं. ती किती वेळ असते हेही कळतं. जातं फिरतच राहिलं, तोंडातला घास दाण्यादाण्यानं आत जात राहिला, कडेनं पीठ पडत राहिलं. शेवटचा दाणा गेला आणि मग ते सावकाश थांबलं. मला हात काढायचंही सुचलं नव्हतं.

मागचं दार वाजलं. नान्ना अनवाणी आले. पोत्याला वळसा घालून उभे राहिले आणि तेलुगूत म्हणाले, "आज तिघी होतात काय? एक नवशिकी होती, नुसती आडवी येत होती."

ती मी.

"ती चांगल्या हाताची आली होती ना? शेवटी तर एकटीनंच ओढलं तिनं. घास संपवला, मग हात काढला."

मावशीला तेलुगू येत नाही. तिनं माझा हात दाबून विचारलं, "काय म्हनत्यात तुजं वडील?"

मी मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द. तिनं पदर तोंडात कोंबला आणि पोरीसारखी रडली. मीही रडले. नान्ना आमच्याकडे बघत राहिले, त्यांना कुणी पाटी दाखवली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. गुडघ्यावर हात देऊन उठली, समोरचं पोतं उचललं, झटकलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"उटली ती," मावशी म्हणाली. "ठिवून दे आता."