जेजूला कोण जाणार?

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेतल्या पोरी माझ्या मागं मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे. तेव्हा या प्रकरणात मी कुठंकुठं तोंड सोडलं ते लपवत बसत नाही.

आम्ही मेहकरात एकाच घरात राहतो, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. जाऊबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, मी नऊ वर्षांनी लहान. मी शाळेत शिकवते, त्या घर बघतात. एका दुपारी मी तूर निवडत होते आणि त्या फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. फोनवर काळे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या बाया समुद्रात उतरत होत्या. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. खाली जायच्या, दम कोंडून शिंपले काढायच्या आणि वर येताना तोंडानं शीळ घातल्यासारखा श्वास सोडायच्या. कोरियातलं जेजू नावाचं बेट आहे, तिथल्या या बाया. काही तर सत्तरी ओलांडलेल्या.

जाऊबाईंनी ते चारदा पाहिलं. मग म्हणाल्या, "मीबी असाच दम सोडत होती."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण त्या सांगायला लागल्या. त्यांचं माहेर साखरखेर्ड्याचं. घराजवळ मोठी विहीर, पायऱ्यांची. पाणी भरताना कोणाची घागर, बादली, कोणाचा पितळी तांब्या पाण्यात पडला की गळ टाकून बघायचे, आणि गळाला लागलं नाही की यांना हाक मारायचे. दहा-अकरा वर्षांची पोर, परकर खोचून उडी मारायची आणि तळातून घागर घेऊन वर यायची. काठावर बाया वाट बघत उभ्या. लग्न होऊन मेहकरला आल्या आणि पाणी तेवढं नळाचं उरलं. पंचवीस वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला मी, आणि ही गोष्ट मला तेव्हा कळली. माझीच मला लाज वाटली.

"मले ह्या बाया पाह्याच्या हायेत," त्या म्हणाल्या. त्या बाईनं आजवर काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा दुकानदार पुढं टाकेल ती घ्यायच्या. त्या दिवशी मी तूर तशीच ठेवली आणि ठरवलं की हे करायचंच.

आधी सहलवाल्याकडं गेले. त्याच्याकडं कोरिया होतं, पण त्यात राजवाडे आणि खरेदी. बेटावर दीड दिवस, त्यात बाहुल्यांचं संग्रहालय. पोहणाऱ्या बायांचं विचारलं तर म्हणाला, मॅडम, म्हाताऱ्या बाया बघायला कोण जातं? झालं. मी तिथंच त्याला सुनावलं आणि दोघींनी आपापलं जायचं हे पक्कं केलं. शिवाय झेंडा धरलेल्या माणसामागं रांगेनं चालणं मला या जन्मी जमायचं नाही. पोरांना मी रांगेत चालवते, मी चालत नाही.

मग आमच्या घरात जेजूची शाळाच भरली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळं लिहून काढलं. आपल्या माणसाला तिथं व्हिसा लागत नाही, पण बाहेरच्या देशातून थेट बेटावर उतरलं तरच. सोलला उतरून गेलं तर लागतो. म्हणून मुंबईहून सिंगापूर आणि सिंगापूरहून थेट जेजू. बेटाला वळसा घालणारी बस आहे, मग गाडी कशाला? दगडी कुंपणं काळ्या दगडाची, आपल्यासारखीच. माझं माहेर जळगाव जामोदकडचं, संत्र्याच्या बागांतलं, आणि तिथंही संत्री पिकतात हे वाचून मला उगाच धीर आला. मासळी आम्ही दोघी खातो, त्यामुळं डब्याची कटकट नाही. दिवाळीच्या सुटीत जायचं ठरलं, कारण शाळेमुळं मला दिवाळी नाहीतर मे, दोनच वाटा.

बातमी गल्लीत पसरली. समोरच्या काकू विचारायला आल्या की कोरिया म्हणजे तेच ना, बॉम्ब उडवणारं? मी सांगितलं की ते वरचं, आम्ही खालच्यात जातो, त्याच्याही खाली समुद्रात. त्यांचं काही समाधान झालं नाही. माझ्या नवऱ्यानं "जा" म्हटलं आणि पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. जाऊबाईंचे यजमान, आमचे भासरे, काहीच बोलले नाहीत. ते तसेच, मुळात कमी बोलणारे. मीही त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलायची. मोठ्या दिरापुढं डोक्यावरचा पदर माझा कधीच गेला, पण भीड राहिली होती.

व्हिसा नसला तरी उतरल्यावर अधिकारी खोदून खोदून विचारतात, असं वाचलं होतं. म्हणून मी जाऊबाईंची तालीम घ्यायची. भाजी चिरता चिरता मी अधिकारी व्हायची. कुठं राहणार? परत कधी जाणार? इथं कशाला आलात? या शेवटच्या प्रश्नाला त्या दरवेळी म्हणायच्या, "बाया पाह्याले." मी डोक्याला हात लावायची. बाई गं, पर्यटन म्हणा पर्यटन, नाहीतर परतीच्या विमानात बसवतील. त्या हसायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या.

घोडं अडलं ते पासपोर्टपाशी, आणि अडवलं मीच. माझा पासपोर्ट होता, त्यांचा काढायचा होता. फॉर्म मी भरला. त्यात एक प्रश्न होता, तुमचं नाव कधी बदललं आहे का? मी बिनदिक्कत 'नाही' भरून मोकळी झाले. विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडं त्याला नाव बदलणं कोण म्हणतं? लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. ते लग्नातलंच एक काम, हळद लावतात तसं. माझ्या लग्नात मी ते ताट पुढं आणू दिलं नव्हतं, तेवढा तापटपणा तेव्हाही होता. म्हणून माझी कागदपत्रं एकसारखी. जाऊबाईंच्या वेळी त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

बुलडाण्याला केंद्रात आम्ही दोघी गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी सातवीचा शाळेचा दाखला उजवीकडं ठेवला आणि आधार कार्ड डावीकडं. दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सगळंच वेगळं, नाव, मधलं नाव, आडनाव. एकही अक्षर जुळत नव्हतं.

"या दोन कागदांवर दोन बाया आहेत," ते शांतपणे म्हणाले. "यातली जाणार कोण?"

माणूस चांगला होता. त्यानं दोन्ही मार्ग समजावून सांगितले. सासरच्या नावानं पासपोर्ट हवा असेल तर लग्नाचा पुरावा आणि दोन्ही नावांची बाई एकच असं प्रतिज्ञापत्र, पंधरा दिवसांत काम होईल. माहेरचं नाव हवं असेल तर राजपत्रात नाव छापून आणा, मग आधार बदला, मग पुन्हा या. त्याला महिने लागतील. मी पर्समधून पेन काढलं, पहिला मार्ग लिहून घ्यायला. माझ्या मनात दिवाळीची तिकिटं होती.

जाऊबाई साहेबांनाच म्हणाल्या, "मले पयलं नाव लावता येईन का?"

बसमध्ये मी त्यांच्याशी चिखलीपर्यंत बोलले नाही. मग बोलले ते भांडायलाच. दिवाळी जाईल, मे कोणी पाहिला, तुमचे गुडघे आधीच कुरकुरतात, नावात काय ठेवलं आहे, असं सगळं बोलून घेतलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घागर काढाले मी त्या नावानं उतरत होती. समुंदरापाशी जाईन तर त्याच नावानं जाईन. नाहीतर नाही जात." आवाज चढला नव्हता. पंचवीस वर्षांत मी त्या बाईला 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. त्यांना त्या बाया दिसणारच नाहीत कदाचित, याचं वाईट वाटलं. पण खरं सांगू, मला त्यांचा अभिमानही वाटला.

घरी आल्यावर भासऱ्यांना सांगणं भाग होतं. ते जेवत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी घास ताटात ठेवला आणि भिंतीकडं बघून विचारलं, "मी ठेवलेलं नाव वंगाळ होतं काय?"

प्रश्न जाऊबाईंना होता, उत्तर मी दिलं. रागात माझी शाळेतली शुद्ध भाषा गळून पडते, तशी पडली. "दादा, त्या नावानं तुमी तरी कवा हाक मारली?"

बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं. चाळीस वर्षांत ते बायकोला 'आयकलं का' म्हणत आले. बाकी घर त्यांना वहिनी, काकू, मोठी आई म्हणतं. ताटातल्या तांदळात लिहिलेलं ते सुंदर नाव फक्त रेशनकार्डावर आणि आधारवर नांदत होतं. भासरे उठले, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

आठ दिवस घरात ताटवाटीचाच आवाज. नवव्या दिवशी मी शाळेत निघाले तर भासरे दारात चपला घालून उभे. त्यांनी विचारलं, राजपत्रासाठीच्या प्रतिज्ञापत्राला साक्षीदार लागतो का? लागतो म्हटलं. त्या दिवशी ते जाऊबाईंबरोबर तहसीलमध्ये गेले, सही केली आणि येताना दोघं रसवंतीत ऊसाचा रस पिऊन आले. हे मला जाऊबाईंनी संध्याकाळी सांगितलं, तेही लाजत. नावाचं मात्र ते काही बोलले नाहीत. हाक 'आयकलं का' हीच राहिली.

दिवाळी गेली. आम्ही करंज्या केल्या आणि फोनवर जेजूचा समुद्र पाहिला. राजपत्रात नाव छापून आलं ते मी मोठ्यानं वाचलं. आधार बदलून आलं, ते जाऊबाईंनी देवाजवळ ठेवलं. पुन्हा बुलडाणा झालं. तेच साहेब होते. या वेळी त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि काही न विचारता शिक्का मारला. आता फक्त पोलीस घरी येऊन चौकशी करणार, 'ही बाई इथंच राहते' एवढं लिहून नेणार की पासपोर्ट निघणार. मी आणखी एक जुनं कॅलेंडर काढून उलटं केलं आणि मे धरून नव्यानं लिहायला घेतलं.

हवालदार रविवारी सकाळी आले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथून गल्ली दिसते. त्यांनी आधी समोरच्या काकूंना कागदावरचं नाव विचारलं. काकूंनी मान हलवली, या नावाचं इथं कोणी नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं. तोही नाही म्हणाला, वर म्हणाला की तीस वर्षांपासून दुकान आहे माझं, असती तर मला माहीत असती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही सगळे कागद बदलले आणि गल्लीला सांगायचंच विसरलो. हवालदार कागदावर काहीतरी लिहायला लागले. हातातली चादर तशीच टाकून मी जिन्यावरून धावले.

खाली पोचले तेव्हा ते आमच्या फाटकाशी होते आणि भासरे ओट्यावर. हवालदारांनी नाव वाचलं, माहेरच्या आडनावासकट, आणि विचारलं की ही बाई इथं राहते का, की पत्ता चुकला आहे? मी तोंड उघडलं. भासऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते उठले, घराकडं तोंड केलं आणि हाक मारली. ते नाव. सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. जाऊबाई ओल्या हातांनी दारात आल्या. हवालदार त्यांना विचारत होते की तुम्हीच का, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. डोळे भरून आले होते आणि हसतही होत्या.

"हाव," त्या म्हणाल्या, "मीच."

हवालदारांनी पेन उघडलं. समोर काकू त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हवालदारांनी विचारलं, किती वर्षांपासून राहतात इथं?

"लिवा," भासरे म्हणाले. "चाळीस वर्सं झाले. इथंच हाये."